मेंदूतले दोन सारखे डाग

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही कार्बनी संयुगांवर बोलत होतो. मिथेनॉल आणि इथेनॉल यांच्या रेणूंची चित्रे फळ्यावर काढून झाली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका शिक्षिकेने दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की विषारी दारू प्यायल्यावर माणसाचे डोळेच का जातात? दुसरा असा, की हल्ली मेंदूचे चित्र यंत्रावर काढता येते, मग माणसाला इस्पितळात आणल्याबरोबर ते काढून विष ओळखता येत नाही का? त्यांची शाळा मुंबईच्या उपनगरात होती. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा वर्गातल्या मुलांनीच त्यांना हे विचारले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. दुसऱ्याचे मात्र नीट देता आले नाही. आम्ही रसायनशास्त्राचे माणूस, मेंदूची चित्रे वाचणे हे आमचे काम नव्हे. घरी आल्यावर वाचन केले, क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या एका मित्राला दोन-तीन रविवार पिडले आणि मग लक्षात आले, की हे दोन्ही प्रश्न खरे म्हणजे एकच आहेत. म्हणून सुरुवात रसायनापासूनच करू.

मिथेनॉल आणि इथेनॉल ही सख्खी भावंडे. मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एक अणू, इथेनॉलच्या रेणूत दोन. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही पाण्यात कितीही मिसळणारे, वासही जवळजवळ सारखा. उत्कलनबिंदू वेगळे आहेत, पहिल्याचा सुमारे ६५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्याचा ७८. पण गुत्त्यावर बसलेल्या माणसाजवळ तापमापी नसते. मिथेनॉल रंग, प्लास्टिक आणि इतर रसायनांच्या कारखान्यांत टनावारी लागते. पिण्याच्या दारूवर असतो तसला कर त्यावर नसल्याने ते स्वस्त पडते. भेसळीचे सगळे अर्थशास्त्र एवढ्यात आले. हातभट्टीत गूळ आंबवताना चुकून विष तयार होते, असा एक समज आहे. आंबवण्याच्या क्रियेत मिथेनॉल तयार होते खरे, पण अगदी थोडे. एकाच रात्री डझनावारी माणसे मरतात तेव्हा बहुधा कोणीतरी कारखान्यातले मिथेनॉल आणून ओतलेले असते.

गंमत अशी, की मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. विष तयार होते ते आपल्या यकृतात. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर इथेनॉलचे विघटन करण्यासाठी तिथे असते. त्याच्यापुढे मिथेनॉल आले, तर ते त्याचे फॉर्माल्डिहाइड करते आणि दुसरे विकर त्या फॉर्माल्डिहाइडचे लगेच फॉर्मिक आम्ल करते. हेच आम्ल मुंग्यांच्या अंगात असते. ‘फॉर्मिका’ हे मुंगीचे लॅटिन नाव. पुढे या आम्लाचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला हवे, पण त्यासाठी फॉलिक आम्लाशी संबंधित जी यंत्रणा लागते, ती माणसात फार धिमी आहे. उंदरांत ती जलद असते. म्हणून उंदराला मिथेनॉल दिले तरी त्याचे डोळे शाबूत राहतात. माकडाच्या नेत्रचेतेला मात्र माणसासारखीच सूज येते. हे विष कसे काम करते याचा उलगडा व्हायला वेळ लागला, त्यामागे उंदरांचा हा भाग्ययोगही आहे.

फॉर्मिक आम्ल साचत गेले की दोन गोष्टी होतात. रक्ताची आम्लता वाढते. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो, तो गंभीर रुग्णात ७ च्याही खाली जातो. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांत ऊर्जानिर्मितीची शेवटची पायरी असते. तिथे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजन वापरते. फॉर्मिक आम्ल नेमके त्यालाच अडवते. सायनाइड हेच करते, फक्त कितीतरी अधिक जोराने. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. घरात धान्य आहे, सरपण आहे आणि चूलच पेटत नाही, अशी ही स्थिती.

मग ज्या पेशींना ऊर्जा सर्वांत जास्त लागते, त्या आधी मरतात. एक जागा म्हणजे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नेत्रचेता. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसरी जागा मेंदूच्या खोल गाभ्यात, दोन्ही बाजूंना एकेक अशी असते. तिचे नाव पुटामेन. लॅटिनमध्ये याचा अर्थ टरफल. तिच्या आतल्या बाजूला ‘फिकट गोळा’ अशा अर्थाच्या नावाचा ग्लोबस पॅलिडस हा भाग असतो आणि पुटामेन त्याला बाहेरून टरफलासारखे झाकते. हालचालींची सुरुवात, त्यांचा वेग, त्यांचा सफाईदारपणा यांत पुटामेनचा मोठा वाटा असतो. मिथेनॉलच्या विषबाधेत पुटामेनच का बळी पडते, यावर अजून एकमत नाही. तिथली ऊर्जेची गरज मोठी आहे, हे एक कारण सांगतात. तिथून रक्त परत नेणाऱ्या शिरांची रचना, हे दुसरे. पण ते बळी पडते, हे शवविच्छेदन करणाऱ्यांना स्कॅनची यंत्रे येण्यापूर्वीच माहीत होते. यंत्रांनी एवढेच केले, की तीच गोष्ट जिवंत माणसात दाखवली.

चित्र कसे उमटते

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन काढण्यात आला. यंत्र बनवले होते ईएमआय या कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी. १९७९ मध्ये त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात डोक्यातून अनेक कोनांनी क्ष-किरण पाठवतात आणि प्रत्येक ठिकाणी किती किरण शोषले गेले, हे संगणक गणिताने काढतो. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, दाट हाडाला हजाराच्या आसपास. मेंदूचे आकडे साधारण २० ते ४५ यांच्या दरम्यान असतात. म्हणजे क्ष-किरणांच्या दृष्टीने मेंदू पाण्यापेक्षा थोडासाच दाट! मेंदूचा एखादा भाग मरून सुजला की त्यात पाणी वाढते, आकडा शून्याकडे सरकतो आणि पडद्यावर तो भाग काळपट दिसतो. तिथे ताजे रक्त साकळले असेल, तर आकडा वर जातो आणि पांढरा डाग दिसतो. मिथेनॉलने मेलेल्या पुटामेनमध्ये कधी नुसता काळा डाग दिसतो, कधी त्यात पांढरेही असते.

एमआरआय यंत्र क्ष-किरण वापरत नाही. ते शरीरातल्या, मुख्यतः पाण्यातल्या, हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओ लहरींनी डिवचते आणि त्यांचा प्रतिसाद ऐकते. त्याच्या एका पद्धतीत पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने इकडेतिकडे फिरतात, हे पाहता येते. शाईचा थेंब पाण्यात पसरताना मुलांनी पाहिलेला असतो, तीच ही विसरणाची क्रिया. आता मघाची चूल आठवा. ऊर्जा बंद पडली की पेशीच्या पटलावरचे सोडियम-पोटॅशियम पंप थांबतात. सोडियम आत शिरते, त्याच्यामागोमाग पाणी शिरते, पेशी फुगते. बाहेर मोकळे हिंडणारे पाणी आता पेशीच्या आत कोंडले गेले. त्याचे विसरण मंदावते आणि तो भाग या चित्रात उजळून दिसतो. एका विकराचा एक विक्रिया-बिंदू अडला आणि त्याची खूण थेट पडद्यावर उमटली. रसायन आणि भौतिकी यांची एवढी सरळ गाठ पाठ्यपुस्तकातही क्वचित पडते.

सीटी स्कॅनमध्ये हा बदल दिसायला सहसा एक दिवस तरी लागतो. एमआरआयमध्ये तो आधी दिसू शकतो.

एक कुंडी की पाण्याची टाकी?

आमच्या मित्राने एक साधी गोष्ट शिकवली. मेंदूच्या चित्रात काय दिसते याआधी ते एका बाजूला दिसते की दोन्ही बाजूंना, हे पाहायचे. एखादी रोहिणी तुंबली किंवा फुटली, तर नुकसान तिच्या वाटेवर, म्हणजे बहुतेक वेळा एकाच बाजूला होते. मार लागला असेल तर जिथे लागला त्या मानाने. पण डावे पुटामेन आणि उजवे पुटामेन अगदी आरशातल्या प्रतिबिंबासारखी बिघडली असतील, तर कारण सगळीकडे सारखे पोहोचणारे, म्हणजे रक्तातून आलेले असणार. बागेत एका कुंडीतले रोप सुकले तर त्या कुंडीची माती पाहावी. सगळ्या कुंड्यांतली फक्त गुलाबाची रोपे एकदम सुकली, तर पाण्याच्या टाकीत काय पडले ते पाहावे.

आता एक शक्यता डोळ्यांपुढे आणा. पन्नाशीचा एक माणूस रस्त्याकडेला बेशुद्ध सापडतो. सोबत कोणी नाही. श्वास जोरजोराने चालू आहे. डोक्याला मार लागला असेल किंवा पक्षाघाताचा झटका असेल, म्हणून सीटी स्कॅन काढतात. मार नाही, एका बाजूचा झटका नाही, पण गाभ्यात दोन सारखे काळे डाग. मिथेनॉलचे नाव त्या क्षणापर्यंत कोणाच्या मनातही आलेले नसेल, तर इथे ते येते. त्याच्याबरोबर आणखी कोण प्यायले होते, याचा शोध सुरू होतो. हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण बरोबरचे लोक अजून घरी झोपलेले असू शकतात.

मात्र हे डाग मिथेनॉलची सही नव्हेत. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साचते, तेव्हाही पुटामेन दोन्ही बाजूंना बिघडते. तंतुकणिकांच्या काही आनुवंशिक आजारांत लहान मुलांत असेच दिसते. बुडता बुडता वाचलेल्या माणसात, हृदय काही मिनिटे थांबलेल्या माणसात गाभ्याचे हे भाग दोन्हीकडे दुखावतात. बंद न्हाणीघरात गॅसच्या गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा होते, तेव्हाही डाग दोन्हीकडेच पडतात, पण ते बहुतेक वेळा पुटामेनऐवजी आतल्या ग्लोबस पॅलिडसमध्ये. टरफल की आतला गोळा, एवढ्या फरकावरून विष बदलते. आणि मिथेनॉलमध्येही कधी कधी आतला गोळा बिघडतो, त्यामुळे हाही नियम पक्का नाही. म्हणून चित्र वाचणारा तज्ज्ञ ‘हे मिथेनॉल आहे’ असे लिहीत नाही. ‘मिथेनॉल असू शकते, रक्त तपासा’ असे लिहितो.

रक्तात काय पाहतात? मिथेनॉल थेट मोजायचे तर वायुवर्णलेखनाचे, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र लागते. ते आमच्या प्रयोगशाळेत आहे, पण रात्री दोन वाजता तालुक्याच्या इस्पितळात नसते. तिथे एक आडवाट उपयोगी पडते आणि बारावीच्या मुलांना ती नक्की आवडेल. द्रवात विरघळलेले कण वाढले की त्याचा गोठणबिंदू खाली येतो, हे ती शिकतातच. काही प्रयोगशाळांत रक्तद्रव गोठवून त्यातले एकूण कण मोजण्याचे उपकरण असते. सोडियम, ग्लुकोज आणि युरिया यांच्या मोजमापांवरून किती कण असायला हवेत, याचा हिशेब करता येतो. प्रत्यक्षातले कण हिशेबापेक्षा बरेच जास्त निघाले, तर रक्तात कोणीतरी अनोळखी लहान रेणू आहे. मिथेनॉलचा रेणुभार फक्त ३२. रक्ताच्या एका लिटरमध्ये ते १ ग्रॅम असेल, तर ३१ मिलिमोल कणांची भर पडते आणि गोठणबिंदू सुमारे ०.०६ अंशाने उतरतो. एवढासा फरक, पण उपकरणाला तो कळतो. माणसाने साधी दारूही प्यायलेली असेल, तर तिचे कण वेगळे वजा करावे लागतात.

यात एक मेख आहे. यकृत मिथेनॉलचे रूपांतर करत जाते, तसतशी ही कणांची तफावत कमी होते. उलट फॉर्मिक आम्ल वाढत जाते आणि रक्तातल्या धन व ऋण आयनांच्या हिशेबात नवी तफावत उघडते. सीसॉच्या दोन टोकांसारखे हे आहे. सुरुवातीला पहिले टोक वर असते, उशिरा दुसरे. दोन्ही मोजली तर विष शरीरात किती वेळ आहे, याचाही अंदाज येतो. आणि मेंदूतले डाग? ते सीसॉ दुसऱ्या बाजूला पूर्ण झुकल्यानंतरचे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मिथेनॉल पिण्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा १२ ते २४ तास जातात. दारूत इथेनॉलही असेल, तर त्याहून जास्त. माणूस रात्री पितो, झोपतो, सकाळी कामालाही जातो. मग पोटात दुखू लागते, उलट्या होतात, धाप लागते, धुक्यात किंवा बर्फात उभे असल्यासारखे सगळे पांढुरके दिसू लागते. त्याला वाचवायचे ते या टप्प्यावर, आणि या टप्प्यावर स्कॅन अगदी स्वच्छ असू शकतो. उपचार तर विकराला गुंतवून ठेवण्याचा आहे. फोमेपिझोल हे औषध किंवा शिरेतून मोजून दिलेले इथेनॉल विकराची जागा अडवते आणि मिथेनॉलचे आम्ल होणे थांबते. सोडियम बायकार्बोनेट आम्लता सांभाळते, फॉलिनिक आम्ल धिम्या यंत्रणेला हात देते आणि डायलिसिस मिथेनॉल व फॉर्मिक आम्ल दोन्ही गाळून बाहेर काढते. (इथेनॉल उतारा आहे हे वाचून घरी दारू पाजण्याचा शहाणपणा कोणी करू नये. मात्रा थोडी चुकली तरी रुग्णाचा श्वास बंद पडू शकतो.) हे सारे संशय येताच सुरू करायचे असते. स्वच्छ चित्र पाहून ‘काही नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे, ही त्या यंत्राने होऊ शकणारी सर्वांत मोठी चूक. चित्र खोटे बोलत नाही, फक्त उशिरा बोलते.

प्रागमध्ये काय दिसले

मग एवढे महागडे चित्र कशासाठी? याचे चांगले उत्तर चेक प्रजासत्ताकातून आले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्या देशात एकामागून एक माणसे मिथेनॉलने मरू लागली. विष गुत्त्यांवर नव्हते. नेहमीची लेबले लावलेल्या बाटल्यांतून ते दुकानांत आणि टपऱ्यांवर पोहोचले होते. त्यात इथेनॉल आणि मिथेनॉल जवळजवळ समसमान मिसळलेले होते. १४ सप्टेंबरला सरकारने २० टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेल्या सर्व पेयांची विक्री देशभर थांबवली. तोवर आणि त्यानंतरही मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली.

जी वाचली, त्यांच्याकडे प्रागमधल्या चार्ल्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी अशा ४६ जणांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे पद्धतशीर अभ्यासली. एरवी या विषयावरचे निबंध एखाद-दुसऱ्या रुग्णाचे असतात. इराणमधल्या शिराझच्या डॉक्टरांचा २००७ चा एक उपयुक्त निबंध नऊ रुग्णांचा होता. एकाच विषाने, एकाच सुमारास बाधित झालेल्या इतक्या माणसांची चित्रे शेजारीशेजारी ठेवण्याची संधी विरळाच. काहींत पुटामेनचे नेहमीचे दोन डाग होते. काहींत ग्लोबस पॅलिडस बिघडले होते. काहींत डाग पृष्ठभागाजवळच्या पांढऱ्या भागापर्यंत पसरले होते. आणि काहींच्या मेंदूत काहीच दिसले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. वेळेवर विकर अडवले गेले, तर इतके प्यायलेला माणूसही डागाशिवाय सुटू शकतो.

याच गटातल्या रुग्णांच्या डोळ्यांत प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलावरच्या चेतातंतूंच्या थराची जाडीही मोजली गेली. हे मोजमाप चार वर्षे चालले. निम्म्याहून बऱ्याच कमी, तरी दुर्लक्ष करता येऊ नये इतक्या डोळ्यांत हा थर इस्पितळातून घरी गेल्यानंतरही वर्षानुवर्षे पातळ होत राहिला. विष केव्हाच धुऊन निघाले होते. वाचलेल्या रुग्णाला ‘आता तुम्ही बरे आहात’ असे सांगून मोकळे होता येत नाही, त्याला दरवर्षी बोलवावे लागते, हे अशा मोजमापांतून कळते.

हे सगळे आम्ही त्या शिक्षिकेला पत्राने कळवले. महिन्याभराने उत्तर आले. पत्र वर्गात वाचून दाखवले होते आणि एका मुलाने नवा प्रश्न विचारला होता: ज्याचे पुटामेन गेले, तो माणूस चालतो कसा?

चालतो, पण पार्किन्सनचा आजार झालेल्या माणसासारखा. हातपाय ताठरतात, पाऊल लहान पडते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, बोलणे संथ आणि पुटपुटल्यासारखे होते. पार्किन्सनमध्ये पुटामेनपर्यंत निरोप पोहोचवणारे डोपामिन हे रसायन कमी पडते, म्हणून डोपामिन वाढवणारे औषध दिले की बराच फरक पडतो. इथे निरोप घेणारेच गेलेले असतात. त्यामुळे तेच औषध काहींना थोडे लागू पडते आणि अनेकांना पडत नाही. कोणाला पडण्याची आशा धरावी, हे ठरवताना डॉक्टर पुन्हा ते चित्र काढून पाहतात, टरफलाचा किती भाग शिल्लक आहे ते.